पोतदार आडनाव: जहाज, देवीचा पोत की ज्वारीचं पोतं?

भीमाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आडनाव पोतदार, मूळ गाव मंगळवेढा. आजोबा सांगायचे की पोत म्हणजे जहाज, अस्सल संस्कृत शब्द. आपले पूर्वज म्हणे आंग्र्यांच्या आरमारात गलबतं बाळगून होते, पुढे काही कारणानं घाट चढून वर आले. आम्ही चुलतभावंडं हे शाळेत ऐटीत सांगायचो. आठवीत इतिहासाच्या सरांनी भर वर्गात विचारलं, "मंगळवेढ्यात जहाज कुठनं आलं रे, भीमेतनं?" त्यानंतर वर्गात माझं नाव तांडेल पडलं ते दहावीपर्यंत.

आत्याचं म्हणणं वेगळं. आमच्याकडे नवरात्रात देवीचा पोत, म्हणजे देवीची मशाल, पाजळतात. तुळजापूर जवळच. पोताचा मान ज्यांचा ते पोतदार, एवढं सरळ आहे, आणि बाबा (म्हणजे माझे आजोबा) उगाच समुद्रात शिरले, असं ती म्हणते.

हे सगळं आत्ता वर यायचं कारण म्हणजे वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. तिथल्या आमच्या तीर्थोपाध्यायांनी गाव विचारलं आणि दहा मिनिटांत नामावळीची वही काढून समोर ठेवली. शके १७८९ ची नोंद, म्हणजे इसवी सन १८६७-६८. खापरपणजोबांचं नाव, गोत्र, गाव सगळं जुळतं. सगळं मोडीत. गुरुजींनी वाचून दाखवलं: आधी एक उपनाव, शेवटी 'कर' आहे पण मधली अक्षरं त्यांनाही लागेनात, आणि त्यापुढे 'पोतदारी मौजे अमुक'.

म्हणजे पोतदार हे आमचं मूळ आडनावच नव्हतं? मग पोतदारी म्हणजे नक्की काय? कुणाला माहिती असेल तर सांगा. 'थोर इतिहासकार पोतदार तुमचे कोण' असं कृपया विचारू नका. कुणी नाहीत. आयुष्यभर हे उत्तर देतोय.

---

खडूफळा

भीमाकाठ, तुमच्या आजोबांची क्षमा मागून सांगतो, जहाज बुडालं.

फार्सीत फोता म्हणजे पैशाची थैली, त्यावरून खजिना, सरकारी वसूल. तो सांभाळणारा फोतादार. 'ऐन-ए-अकबरी'त खजिनदाराला चालू बोलीत फोतादार म्हणतात, असं चक्क लिहिलेलं आहे. मराठीत फ चा प झाला आणि पोतदार आला. उत्तरेत आणि बंगालात त्याच शब्दाचं पोद्दार झालं. पोतनीस हा त्याच घरातला दुसरा भाऊ: पोत्याचा, म्हणजे खजिन्याचा, हिशेब लिहिणारा. 'नीस' म्हणजे नवीस, लिहिणारा. चिटणीस, फडणीस, कारखानीस सगळे त्याच पंगतीतले.

मोल्सवर्थचा कोश उघडून बघा, आता घरबसल्या दिसतो. पोतदार म्हणजे खजिन्यात भरणा होणारं नाणं पारखणारा एतद्देशीय राजवटीतला अधिकारी, आणि तोच गावचा सोनारही, असा अर्थ दिलाय.

एक गंमत सांगतो. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी वरच्या पदांची नावं बदलली. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत, वाकनिसाचा मंत्री, सुरनिसाचा सचिव. पण खालची रोजच्या राबत्यातली नावं, सबनीस, कारखानीस, पोतनीस, हवालदार, तशीच राहिली. म्हणून आज आपल्याला सबनीस गल्लोगल्ली भेटतात.

शिवाय 'दार' हा प्रत्यय फार्सी आहे. संस्कृत 'पोत'ला तो लागेलच कसा?

---

वांगीपोहे

सर, बाकी मान्य, पण शेवटचं वाक्य मागे घ्या. पाणीदार, डौलदार, चवदार हे शब्द मग कुठून आले? पाणी आणि चव काही इराणहून आलेली नाहीत. मराठी माणूस कशालाही 'दार' लावतो. तेव्हा जहाज बुडवायचंच असेल तर दुसरं भोक पाडा.

---

खडूफळा

मागे घेतलं. पस्तीस वर्षं शिकवलं, असा विद्यार्थी वर्गात नव्हता हे बरंच झालं म्हणायचं.

दुसरं भोक हे: जहाजवाल्यांचे आपले शब्द दर्यावर पडून आहेत. तांडेल, सारंग, नाखवा, खलाशी. जहाजाच्या मालकाला कागदोपत्री पोतदार म्हटलेलं मी तरी पाहिलेलं नाही. पोत हा शब्द काव्यात आणि स्तोत्रात तरंगतो, बंदरात नाही. उलट नाणी तपासणारा पोतदार हा त्या काळच्या कागदात पावलोपावली आहे.

---

दगडफूल

मंगळवेढ्याचे पोतदार म्हटल्यावर मला एकच प्रश्न पडतो. दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं लुटवली, मग विठोबा विठू महार होऊन बेदरला गेला आणि बादशहापुढे धान्याच्या किमतीच्या मोहरा ओतल्या. त्या मोहरा खऱ्या की खोट्या हे पारखायला दरबारात कुणी तरी पोतदार बसला असणारच ना? देवाचं नाणं वाजवून घेणारा माणूस! भीमाकाठ, तुम्ही त्याचे वंशज असाल तर जहाजापेक्षा हे केव्हाही भारी.

आणि ज्वारीचं पोतं का कुणी विचारात घेत नाही? मंगळवेढ्याची मालदांडी आहे, चेष्टा नाही.

---

भीमाकाठ

दगडफूल, ही कथा आजोबांना सुचली असती तर तांडेल तरी झालो नसतो.

खडूफळा सर, एक शंका. नाणं पारखायला स्वतंत्र माणूस कशाला लागतो? रुपया म्हणजे रुपया.

---

हालीसिक्का

'रुपया म्हणजे रुपया' हे तुम्ही म्हणू शकता, कारण तुमचा जन्म नंतरचा. मी लातूरकडचा. आमच्या आजोबांच्या तोंडी दोन रुपये असायचे, हाली आणि कलदार. हाली म्हणजे निजामाचा, कलदार म्हणजे इंग्रजांचा, कळेवर म्हणजे यंत्रावर पाडलेला. सात हाली दिले की साधारण सहा कलदार. बार्शीच्या बाजारात जायचं तर आधी मनातल्या मनात हा हिशेब. आजोबा शेवटपर्यंत कुणी फसवलं की म्हणायचे, "हाली घेऊन कलदार सांगितले."

आता पेशवाईत जा. तिथे दोन नाही, वीस तऱ्हा. अंकुशी, चांदवडी, सुरती, बागलकोटी. टांकसाळी खाजगी माणसांनाही परवान्यानं मिळायच्या, त्यामुळे एकाच्या चांदीत दुसऱ्यापेक्षा जास्त हीण. वर सोन्याचे होन, खाली तांब्याच्या शिवराया. शेतकरी सारा भरायला यायचा तो हातात असेल ते नाणं घेऊन. सरकारला हवा ठरावीक रुपया. मधला फरक म्हणजे बट्टा. तो किती, हे ठरवणारा माणूस पोतदार. नाणं झिजलंय का, कुणी कड कातरून घेतलीय का, आतून तांबं घालून वरून चांदी मढवलीय का, हे त्यानं बघायचं. वजन करायचं, दगडावर टाकून आवाज ऐकायचा. 'नावाला बट्टा लागला', 'नाणं खणखणीत आहे', 'वाजवून घेतला', 'बंदा रुपया' हे आपण बोलतो ते सगळं त्या ओट्यावरचं बोलणं आहे.

मग १८३५ साली कंपनीनं तिच्या मुलखात सगळीकडे एकाच वजनाचा, एकाच कसाचा रुपया काढला. जुनी नाणी काही एका दिवसात गेली नाहीत, पण जशी गेली तसं पोतदाराचं काम गेलं. राहिला तो नुसता हक्क, आणि मग आडनाव.

---

भीमाकाठ

हा प्रतिसाद छापून आत्याला देणार आहे. ती मोबाईलवर वाचत नाही.

---

बेळगावी_कुंदा

आमच्याकडं बेळगाव, हुबळी, गुलबर्गा सगळीकडं पोतदार भरपूर. ब्राह्मण पोतदार आहेत, लिंगायत पोतदार आहेत, सोनार पोतदार तर आहेतच. घरात कुणी कानडी बोलतंय, कुणी मराठी. नाव सारखं म्हणून नातं लावायला गेलात तर फसाल. आमच्या कॉलनीत तीन पोतदार, तिघांचं कुलदैवत वेगळं, पोस्टमन मात्र एकच, आणि तो आयुष्यात एकदाही बरोबर पत्र टाकत नाही.

सोनाराला इकडं पत्तार पण म्हणतात. उच्चार ऐकून बरेच जण पत्तार आणि पोतदार एकच समजतात. तसं करू नका.

---

अटकेपार

एवढी चर्चा कशाला, डीएनए टेस्ट करून घ्या. इकडे न्यू जर्सीत सगळे करतात. किट घरी येतं.

---

वांगीपोहे

थुंकीत वतनाची सनद सापडली तर आम्हालाही कळवा.

---

मोडीवेडा

उशिरा आलो. कामाचं बोलतो.

'अमुककर, पोतदारी मौजे तमुक' ही मांडणी अगदी ओळखीची आहे. जुन्या कागदात माणूस आधी त्याच्या नावानं आणि बापाच्या नावानं ओळखला जातो. उपनाव असतं, नसतं, बदलतं. ज्या घरात वतन आलं तिथे हुद्दा हळूहळू उपनावावर बसतो आणि ते गिळून टाकतो. मोठी उदाहरणं सगळ्यांना ठाऊक आहेत: पेशव्यांचं मूळ आडनाव भट, नाना फडणवीसांचं भानू, रास्त्यांचं गोखले. तुमच्या खापरपणजोबांच्या वेळी दोन्ही नावं शेजारी शेजारी नांदत होती. पुढे मुलगा शाळेत घातला, मास्तरानं दाखल्यावर एक रकाना भरला, तिथे 'पोतदार' लिहिलं गेलं आणि 'कर' संपला. हे शेवटचं वाक्य माझा अंदाज आहे, पण शंभर घरांत असंच झालंय.

ते न लागणारं उपनाव वाचायचं कसं? मोडीत आधी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगत जातात. शब्द कुठे तुटला हे दिसत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यामुळे फक्त तेवढाच शब्द घेऊन बसलात तर दहा वाचनं निघतील. त्याच हाताचं आणखी लिखाण बघावं लागतं. तो माणूस 'स' आणि 'म' कसा काढतो, हे त्याच पानावरच्या ओळखीच्या शब्दावरून ताडायचं. गावाचं नाव सर्वांत उपयोगी, कारण ते आपल्याला माहीत असतं.

दुसरं, आणि हे महत्त्वाचं. तुमचे कागद शोधायला लोक तुम्हाला पुण्याच्या पेशवे दफ्तरात पाठवतील. तिथेही बघा, पण मंगळवेढं १९४८ पर्यंत पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होतं. ते इंग्रजी सोलापूर जिल्ह्यातलं गाव नव्हतं. तेव्हा वतनाची नोंद संस्थानी दफ्तरात असण्याचा संभव जास्त. 'मौजे अमुक' जर मंगळवेढ्याबाहेरचं असेल तर ते गाव तेव्हा कुणाकडे होतं हे आधी नक्की करा, नाहीतर चुकीच्या कचेरीत दोन वर्षं जातील. माझी गेली आहेत.

तलाठ्याकडे जुने फेरफार असतात, गावाच्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधात ही बाडं पुष्कळ ठिकाणी बाहेर निघाली, स्कॅन झाली. तुम्हाला त्यातलं प्रमाणपत्र नको असलं तरी कागद तोच आहे.

---

भीमाकाठ

मोडीवेडा, खूप आभार. सांगली संस्थानाचं डोक्यातच आलं नव्हतं. वहीचा फोटो काढू दिला नाही, मी हातानं तो शब्द उतरवून आणलाय. टाकू का इथे?

---

मोडीवेडा

नको. मोडी न येणाऱ्यानं उतरवलेली मोडी म्हणजे कोंबडीचे पाय. राग मानू नका.

---

चिंचपेटी

मी सोनाराघरची. माहेरचं आडनाव पोतदारच. गावच्या पोतदारीचा आमच्या आजोबांना अभिमान होता आणि त्यांनी जहाजाचं नाव कधी काढलं नाही. 😀

एक टोचणारं बोलू का, भीमाकाठदादा? तुमच्या वहीतल्या गोत्राचा उल्लेख आणि इतर बोलण्यावरून तुम्ही देशस्थ असावेत असं वाटतं. मोल्सवर्थ म्हणतो पोतदार म्हणजे गावचा सोनार. खजिन्यातली पोतदारी इतरांकडेही असे, पण गावात पोतदार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सोनार यायचा. आता तुमच्या आजोबांच्या आजोबांच्या जागी स्वतःला उभं करा. कुणी विचारलं, "पोतदार म्हणजे सोनार का हो तुम्ही?" तर काय उत्तर द्यायचं? त्या काळात हा प्रश्न साधा नव्हता. सोनारांनी 'नमस्कार' म्हणायचा की नाही यावर पेशव्यांचा आक्षेप होता, आणि १७७९ मध्ये मुंबईत कंपनी सरकारनं सोनारांना नमस्कार न म्हणण्याचा हुकूम काढला. एका शब्दावर एवढा गहजब! अशा वेळी संस्कृतातलं जहाज किती सोयीचं पडतं बघा. त्यात बसलं की दोन्ही प्रश्न मागे राहतात.

हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण घरच्या दंतकथेत काय सांगितलंय याइतकंच काय टाळलंय तेही बघावं, असं मला वाटतं.

---

भीमाकाठ

ताई, दोन दिवस या प्रतिसादावर विचार करतोय. टोचलं, पण खरं असेल असं वाटतंय. आजोबा 'आपण सोनारांतले नव्हे' हे वाक्य जहाजाच्या गोष्टीला जोडूनच बोलायचे. मी ते कधी ऐकलंच नव्हतं म्हणा, किंवा ऐकून सोडून दिलं होतं.

एक विचारायचं राहिलं. आमच्या देव्हाऱ्यात एक काळा दगड आहे. बोटभर लांब, चपटा, अगदी गुळगुळीत. शाळिग्राम नाही, त्याला भोक नाही की चक्र नाही. आजी त्याला काळोबा म्हणायची. आमच्या कुळाचारात काळोबा नावाचं कुठलंच दैवत नाही. रोज गंध लागतं. मला परवा एकदम चमकलं. ही कसोटी, म्हणजे सोनं घासून पारखायचा दगड, तर नसेल?

---

चिंचपेटी

फोटो टाका!!

---

भीमाकाठ

टाकलाय. उजवीकडून ट्यूबलाइट पडलीय.

---

चिंचपेटी

आकार कसोटीचा वाटतो. आमच्या दुकानातली जुनी साधारण अशीच आहे, हातात धरून धरून कडा गोल झालेली. पण नुसत्या फोटोवरून मी शपथ घेणार नाही. त्या फिकट रेघा दिसताहेत त्या सोन्याच्या कसाच्या असतील किंवा वर्षानुवर्षांचं गंध बसलं असेल. वापरातल्या कसोटीवरचे जुने कस अधूनमधून काढून टाकतात, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचा कस आज दिसेल ही आशा जरा जास्तच.

बघायचं असेल तर सोपं आहे. दगड स्वच्छ धुवा, कोरडा करा, हातातली अंगठी एका कोपऱ्यात हलकेच ओढा. कसोटी असेल तर सोन्याची सलग, स्वच्छ रेघ उमटते. साधा गुळगुळीत दगड असेल तर अंगठी घसरते किंवा रेघ तुटक येते. दगडाला काही होत नाही, अंगठीलाही नाही.

आणि लक्षात घ्या, कसोटी निघाली तरी तुम्ही सोनार ठरत नाही. नाणी पारखणाऱ्या कुठल्याही घरात ती असायची. होन तपासायला दुसरं काय होतं?

---

वांगीपोहे

आत्याबाईंच्या पोताचं काय झालं पण? तो उमेदवार न लढताच बाद झाला.

---

खडूफळा

पोताचा मान बहुधा गोंधळी, भुत्ये आणि देवीच्या मानकऱ्यांचा. त्यावरून पोतदार आडनाव आल्याचं मला माहीत नाही. घरी पोत पाजळतात म्हणून आडनाव पडलं, की आडनावात पोत आहे म्हणून आत्याबाईंना तसं वाटलं, हे तपासायला हवं. सोलापूर-धाराशिवकडे पोत पाजळणारी घरं हजारो, त्यांची आडनावं हजार तऱ्हेची.

बाकी कापडाचा पोत, गळ्यातली काळी पोत, आणि दगडफुलांचं ज्वारीचं पोतं यांच्यात मात्र मला रस आहे. फोता शब्दाचा अर्थ नुसता थैली नाही, कापड, कमरेला गुंडाळायचं वस्त्र असाही आहे. आणि जुने अरबी कोशकार म्हणतात की फूता हे सिंधहून येणारं कापड, शब्दही मूळचा अरबी नव्हे. म्हणजे आपल्याकडचंच कुठलं तरी 'पोत' कापड होऊन पश्चिमेला गेलं, त्यात लोकांनी पैसे बांधले, त्याचा खजिना झाला आणि खजिना होऊन परत आलं, असं तर नसेल? पक्कं म्हणत नाही. पण तसं असेल तर दगडफुलांचं पोतं फार लांब पडलेलं नाही.

---

दगडफूल

मी चेष्टेत लिहिलं होतं हो. आता घरी सांगतो की माझं संशोधन मान्य झालं.

---

भीमाकाठ

अपडेट.

रविवारी आत्याकडे गेलो. हालीसिक्का यांचा प्रतिसाद मोठ्या अक्षरांत छापून नेला होता. तिनं चष्मा लावून सगळा वाचला, 'बट्टा' तिला फार आवडला. मग म्हणाली, तिच्या लहानपणी माळ्यावर एक छोटा तराजू होता, पितळी पारड्यांचा, लाकडी डबीत बसणारा. मुलं त्यात चिंचोके तोलायची. घर पाडलं तेव्हा भंगारात गेला. साल तिला आठवत नाही, "तुझ्या काकाच्या लग्नाच्या आधी" एवढंच.

मग मी अंगठीचा विषय काढला. काळोबा आता तिच्याच देव्हाऱ्यात आहे. तिनं मला असं बघितलं की मी हात मागे घेतला. म्हणाली, "देवाला कसाला लावणारायस काय रे?"

तर तो प्रयोग होणार नाही. चिंचपेटीताई, माफ करा.

---

चिंचपेटी

आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. 😀

---

मोडीवेडा

त्र्यंबकला परत जाल तेव्हा तुमच्या नोंदीच्या आधीची आणि नंतरची दोन-दोन पानंही वाचून घ्या. एका गावची घरं पुष्कळदा एकत्रच यात्रेला येत. शेजारच्या नोंदीत तेच 'कर' कुणी सुवाच्य अक्षरात लिहिलेलं सापडेल. आणि गुरुजींना विचारून बरोबर भिंग न्या.

---

भीमाकाठ

दिवाळीनंतर जातोय. आत्याही येते म्हणाली.